मदत हवी आहे: गाडी गरम झाली की स्लोला बंद पडते, कार्बोरेटरचा स्क्रू नेमका कुठल्या बाजूला फिरवायचा?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय, पूर्व भागात अशोक चौकाच्या जवळ राहतो आम्ही. गाडी अण्णांची म्हणजे माझ्या वडिलांची, शंभर सीसी, चार स्ट्रोक, २००८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. आता मी वापरते, रोज होटगी रोडला कामाला जाते. जरा लांबलचक लिहितेय पण अर्धवट माहिती दिली की उत्तरं पण अर्धवट येतात म्हणून सगळंच सांगते.

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं, तेव्हापासून गाडी चार-साडेचार महिने घरामागच्या शेडच्या दारात उभी होती. शेडमध्ये आमचे टॉवेलचे चार माग आहेत. टाकीत अर्ध्याच्या आसपास पेट्रोल तसंच राहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. संक्रांतीच्या आधी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायचं म्हणून बाहेर काढली, वीस-पंचवीस किका मारल्यावर चालू झाली, काळा धूर काढला थोडा आणि मग चालली. एअर फिल्टर उघडून बघितला तर धूळ कमी आणि मागावरची कापसाची लव जास्त, अगदी गोधडीच्या अस्तरासारखा थर जमलेला. तो फेकला आणि नवीन टाकला. खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला.

सकाळी थंडीत चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खटकी) ओढला की पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते. दोन-तीन किलोमीटर गेलं, इंजिन गरम झालं, की गुरुनानक चौकात थांबल्यावर ॲक्सिलेटर सोडला की दोन सेकंद बरी असते आणि मग फुस्स करून बंद. कधी कधी उलटं, ॲक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच खाली येतच नाही, उंच राहते, मग एकदम पडते. निघताना हळूच ॲक्सिलेटर दिला तर गाडी गचका खाते, जोरात दिला तर पळते. उतारावर ॲक्सिलेटर सोडून आले की सायलेन्सरमधून फट फट आवाज. वर साठ-पासष्टला मात्र काहीच तक्रार नाही, मस्त चालते.

दोन ठिकाणी दाखवली. एकाने स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून दिली, म्हणजे बंद पडत नाही पण गिअर टाकताना खाडकन वाजतंय. दुसऱ्याने न उघडताच सांगितलं की कार्बोरेटर गेला, नवा टाका. अण्णांना ते पटलं नाही. चाळीस वर्षं मागावर काढलीत त्यांनी, डोळे मिटून नुसता आवाज ऐकून सांगतात कुठल्या मागाचं काय बिघडलंय, गाडी ऐकून म्हणाले, "ही उपाशी आहे गं, पोटाला कमी पडतंय तिला."

म्हणून मग मी व्हिडिओ बघून स्वतः प्रयत्न केला. त्यात सांगितलं होतं की मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू आत आवळला की पेट्रोल जास्त जातं. मी अर्धा फेरा आत आवळला तर गाडी आणखीच बिघडली, आता चोक अर्धा ओढून ठेवल्याशिवाय स्लोला राहतच नाही. स्क्रू किती आवळलेला होता ते मोजून ठेवलं नाही, ती माझी चूक.

तर विचारायचं हे, की व्हिडिओ चुकीचा का मी चुकले? जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) अडकलाय का कुठून हवा ओढतेय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि जेट साफ करायला सुई चालेल का? कार्बोरेटर बदलायचा नाहीये, शिकायचंय, प्लीज समजेल असं सांगा.

उत्तर

ताई, अण्णा बरोबर बोलले. अर्धा चोक ओढल्यावर गाडी स्लोला टिकते म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडतेय. रेस खाली न येणं आणि उतारावरचं फट फट हे पण त्यातलंच.

व्हिडिओ चूक नाही आणि तुम्ही पण चूक नाही, कार्बोरेटर वेगळा आहे. स्क्रू कुठल्या बाजूला बसवलाय ते बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, तो आवळला की हवा कमी होते म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पण इंजिनच्या बाजूला, म्हणजे मॅनिफोल्डकडे असेल, तर त्यातून पेट्रोल-हवेचं तयार मिश्रण जातं, तो आवळला की पुरवठाच कमी होतो. तुमचा इंजिनकडचा असणार, म्हणून आवळल्यावर आणखी उपाशी राहिली.

आणि फिल्टरचं कोडं पण यातच आहे बघा. लवेने फिल्टर कोंदला होता तेव्हा हवा कमी जायची, गाडी काळा धूर काढायची, मग कुणीतरी कधीतरी तो स्क्रू आवळून हिशोब जुळवून ठेवला असणार. तुम्ही नवा फिल्टर टाकला, हवा मोकळी झाली, आणि जुना हिशोब मोडला. नवा फिल्टर टाकला हे योग्यच केलंत, जुना परत शोधू नका.

वर साठला नीट चालते म्हणजे मेन जेट ठीक आहे. ॲक्सिलेटर बंद असताना आणि अगदी थोडा उघडल्यावर जे पेट्रोल जातं ते स्लो जेटमधून, मधल्या भागात पिन म्हणजे नीडलचं काम, आणि पाऊण ते फुल उघडल्यावर मेन जेट. तुमचा सगळा त्रास पहिल्या टप्प्यातला आहे, म्हणून स्लो जेट आणि त्याची वाट. चार महिने पेट्रोल कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत वाळलं की खाली चिकट पिवळं लाखेसारखं बसतं, आणि स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, त्याला अडकायला काय लागतंय.

सुई अजिबात घालू नका. जेट पितळेचा, सुई पोलादाची, भोक मोठं झालं की जेट कामातून गेला. वायरमधली तांब्याची एक बारीक तार किंवा ब्रशचा नायलॉनचा केस घ्या, कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडा वेळ मुरू द्या, मग हवा मारा.

उत्तर

अक्कलकोटहून. वरच्यांनी बरोबर सांगितलंय, फक्त उघडायच्या आधी दोन गोष्टी तपासा नाहीतर साफ करून पण गाडी तशीच राहील आणि तुम्ही कार्बोरेटरलाच नावं ठेवाल.

पहिली, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला जोड. तिथली ओ-रिंग (रबराची कडी) कडक होते, चीर पडते, आणि तिथून फुकटची हवा आत जाते. गाडी स्लोला चालू ठेवून जोडाच्या कडेने साबणाचं पाणी ब्रशने लावा, रेस बदलली, किंवा पाणी आत ओढलं गेलं, तर तिथे गळती आहे. लोक क्लीनरचा स्प्रे मारून बघतात पण तापलेल्या इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, घरी नको.

दुसरी, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनातल्या झडपा) आणि त्यांना दाबणाऱ्या भागातली फट. व्हॉल्व्ह घट्ट झाले असतील तर थंड असताना गाडी ठीक चालते आणि गरम झाली की स्लोला मरते, कारण गरम होऊन व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. लक्षण तुमच्यासारखंच आहे. टॅपेट गाडी रात्रभर थंड करूनच तपासायचे, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), माप गाडीच्या पुस्तकात असतं. आणि टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्यात काय आहे ते काचेच्या बरणीत बघा म्हणजे कळेल.

धागाकर्ती, रविवारी रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार, आज दिवसभर हेच केलं, सविस्तर लिहिते म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

आधी अंगणात गाडी काढली, शेडमध्ये नाही, मागाच्या मोटारी चालू असताना पेट्रोल उघडायचं नाही हे अण्णांनी आधीच बजावलं. कॉकची नळी काढून टाकीतलं पेट्रोल लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतलं. दहा मिनिटं ठेवलं तर तळाशी बोटभर वेगळा गढूळ थर! आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. आपल्याच जिल्ह्यातल्या ऊस कारखान्यांत इथेनॉल होतं, मी रोज ऐकते, पण ते असं बरणीत डोळ्यांनी बघितलं नव्हतं. कॉक टाकीच्या तळाला असतो म्हणजे हेच पाणी सगळ्यात आधी कार्बोरेटरात उतरत होतं.

साबणाचं पाणी लावलं, जोड ठीक निघाला, रेस हलली नाही. मग कार्बोरेटर काढला. यावेळी स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण आत बसवत मोजला, फक्त पाऊण फेराच उघडा होता, वहीत लिहून ठेवलं. स्क्रू बाहेर काढताना त्याच्या टोकाला बारीक स्प्रिंग, त्यावर छोटा वॉशर आणि एवढीशी ओ-रिंग असते, ओ-रिंग भोकातच चिकटून राहिली होती, हे कुणी सांगत नाही, हवा मारताना उडून गेली असती तर बसले असते शोधत.

वाटी उघडली तर तळाला पिवळा चिकट थर, त्यात हिरवट पावडर. स्लो जेट काढून खिडकीकडे धरला तर उजेडच दिसेना. अण्णांना दिला, त्यांनी पण ऑपरेशनवाल्या डोळ्याने बघितलं, नाही म्हणाले. तांब्याची तार जाईना म्हणून क्लीनरमध्ये तासभर ठेवला, मग जुन्या ब्रशचा एक केस घातला, आणि दुसऱ्या बाजूने काळा ठिपका बाहेर आला, पुन्हा उजेडाला धरला तर सुईच्या टोकाएवढा पांढरा गोल प्रकाश. खरं सांगते, माझे हात थरथरत होते आनंदाने. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन सगळ्या वाटा हवेने मोकळ्या केल्या, फ्लोट (वाटीतला तरंगणारा तुकडा) आणि त्याची पिन आधी काढून ठेवली होती.

जोडून टाकलं, ताजं पेट्रोल भरलं, स्क्रू दीड फेरा उघडा ठेवला आणि होटगी रोडपर्यंत जाऊन गाडी पूर्ण गरम करून आणली. मग स्लोची रेस जरा वाढवली, मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा उघडत गेले आणि प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांबले. रेस चढत चढत एका जागी टिकली, पुढे उघडल्यावर जड होऊन घुमायला लागली, म्हणून परत मागे आणली. मग स्लोचा स्क्रू कमी केला. हे दोन्ही दोनदा करावं लागलं, कारण एक हलवला की दुसरा बिघडतो. शेवटी पावणेदोन फेऱ्यांवर बसली. ॲक्सिलेटर पटकन पिळून सोडला तर रेस खाली येते आणि न अडखळता थांबते.

उत्तर

शाबास ताई! पण दोन दिवस चालवून प्लग काढून बघा, काजळी असेल तर अजून पेट्रोल जास्त आहे, टोक पांढरं फटक असेल तर कमी, बदामी असेल तर जमलं. आणि गाडी परत उभी ठेवायची वेळ आली तर कॉक बंद करून स्लोला चालू ठेवा, वाटीतलं पेट्रोल संपून बंद पडू द्या. मग चिकटायला काही राहणारच नाही.

धागाकर्ती, गुरुवार

प्लग काढला, बदामी आहे, कडेला थोडा काळा. गिअर टाकताना खाडकन आवाज गेला. आसरा चौकात आज तीन मिनिटं थांबले, गाडी बंद पडली नाही. गाडीची जागा बदलली, आता पुढच्या ओट्यावर असते, लवेपासून लांब. अण्णा संध्याकाळी बाहेर बसून ऐकत होते, म्हणाले, "पोट भरलं, पण एक ठोका वरून वाजतोय." मला काहीच ऐकू येत नाही, पण ते म्हणतात म्हणजे टॅपेट असणार, आणि अक्कलकोटच्या दादांनी सांगितलेलं ते एकच काम माझं राहिलंय. रविवारी सकाळी थंड गाडीवर बघायचंय. पूर्व भागात किंवा बाळे साईडला कुणाकडे फीलर गेज असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन आणि दोन तासांत परत आणून देईन.