आईच्या हिरड्यांतून रक्त येतंय, माउथवॉश चालू ठेवावं का? (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. आई ६४ वर्षांची, मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू. बऱ्याच दिवसांपासून ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, तोंडाला वासही येतो. डेंटिस्टने स्केलिंग (दातांवरचं कडक किटण काढणं) सांगितलं आणि तोवर जीवाणू मारणारं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं. स्केलिंगला आई अजिबात तयार नाही. मावशीने दात साफ करून घेतले आणि ते हलायला लागले, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. माउथवॉश मात्र दोन्ही वेळा नेमाने चालू, बाटली संपली की मेडिकलमधून नवीन आणते. आता दातांवर तपकिरी डाग पडलेत आणि जेवणाला चव लागत नाही म्हणते.

मला जास्त काळजी बीपीची वाटते. आपल्या तोंडात जीवाणूंच्या ७०० च्या आसपास जाती सापडल्यात आणि सगळ्याच वाईट नसतात. माठ, पालक, बीट यांतल्या नायट्रेटचं जिभेवरचे काही जीवाणू नायट्राइट करतात, त्यातून पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैल होतात. लंडनमधल्या २०१३ च्या एका छोट्या अभ्यासात १९ निरोगी माणसांनी ७ दिवस क्लोरहेक्सिडिनने चुळा भरल्या, तर बीपी २ ते ३.५ अंकांनी वाढलं. आईचा वरचा आकडा हल्ली चढाच असतो. रोजच्या माउथवॉशमुळे हे होत असेल का? बंद केलं तर हिरड्या आणखी बिघडतील का? आणि तिला स्केलिंगसाठी तयार कसं करू?

प्रतिसाद

मी दातांची डॉक्टर आहे. क्लोरहेक्सिडिन सहसा थोडेच आठवडे देतात, त्यामुळे ज्यांनी दिलं त्यांना आजच फोन करून विचारा. बीपी फक्त त्यानेच वाढलं असं म्हणता येणार नाही, फिजिशियनना आकडे दाखवाच.

मुळात माउथवॉश किटणाखाली पोचतच नाही. हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल फटीत, जिथे हवा नसते, तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिससारखे जीवाणू वाढतात. हिरडी सुजते आणि हळूहळू दाताखालचं हाड झिजतं. दात हलतात ते या झिजेमुळे. किटण निघालं की आधीपासून सैल झालेला दात जाणवतो, एवढंच. काकूंना एक्स-रेवर हाड दाखवायला सांगा, पुष्कळ पेशंटना ते बघून पटतं.

साखरेचंही सांगा त्यांना. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं दिसलंय.

बीपीची गोळी कोणती आहे? अम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात.

धागाकर्ती

आत्ताच पाकीट बघितलं, अम्लोडिपिनच आहे! हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. गोळी थांबवू का? आणि हिरड्यांचे तज्ज्ञ जवळपास कुठे मिळतील?

प्रतिसाद

गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नका. ती बदलायची की नाही ते फिजिशियन ठरवतील. नेरूळला डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने थेट नेरूळ. जाताना साखरेचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. तोवर मऊ ब्रशने दोन वेळा दात घासू द्या, रक्त आलं तरी ती जागा सोडू नये.

धागाकर्ती

खूप आभार, डॉक्टर. फिजिशियनची उद्याची वेळ घेतली. आई एक्स-रेपुरती तयार झालीय. नेरूळला कोणी हल्ली जाऊन आलं असेल तर ओपीडीची वेळ कळवा, प्लीज.