घरच्या सर्व्हरवरील चित्रफिती घराबाहेर मोबाइलवर दिसत नाहीत

मुलुंडकर: नमस्कार. आई-वडिलांच्या लग्नाच्या व आमच्या लहानपणीच्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून घेतल्या असून (एका तासाची फाइल सुमारे १३ जीबी भरते) त्या घरच्या संगणकावर जेलीफिन (संगणकावरील चित्रफिती इतर उपकरणांवर दाखवणारे सॉफ्टवेअर) बसवून ठेवल्या आहेत. घरातील वाय-फायवर सर्वांच्या मोबाइलवर त्या दिसतात. मात्र लोकलमध्ये किंवा फोर्टमधील कार्यालयात मोबाइल डेटावर ॲप सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. राउटरमध्ये जेलीफिनचे ८०९६ क्रमांकाचे पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे बाहेरून येणारी विनंती सर्व्हरकडे वळवूनही, उपयोग झाला नाही. जेलीफिनऐवजी प्लेक्स हे तशाच प्रकारचे सॉफ्टवेअर घेतल्यास अडचण सुटेल का? पुण्याच्या मावशीलाही हे सारे पाहता यावे, अशी फार इच्छा आहे.

तारजोड: अडचण जेलीफिनची दिसत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर डब्ल्यूएएन आयपी (पुरवठादाराने राउटरला दिलेला इंटरनेट पत्ता) पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील असल्यास आपला इंटरनेट पुरवठादार सीजीनॅट वापरत आहे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना मिळून दिलेला आहे; अशा वेळी बाहेरून आलेली विनंती पुरवठादाराच्या यंत्रणेपाशीच थांबते आणि आपण राउटरमध्ये केलेल्या फॉरवर्डिंगपर्यंत येतच नाही. प्लेक्सचा रिले (त्यांच्या सर्व्हरमार्फत व्हिडिओ पोहोचवण्याची सोय) अशा जोडणीवरही चालतो, परंतु त्याचा वेग मर्यादित आहे आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेर व्हिडिओ पाहण्यासाठी पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा सर्व्हर आणि मोबाइल या दोन्हींवर टेलस्केल बसवावे. ते आपली उपकरणे एका खासगी जाळ्यात जोडते, वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर आधारलेले असून वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे. दोन्ही उपकरणे स्वतःहून बाहेर जोडणी करत असल्यामुळे पोर्ट उघडावेच लागत नाही. उद्या सार्वजनिक आयपी मिळाला, तरी ८०९६ थेट इंटरनेटवर उघडू नये, कारण त्यावरील संवाद एन्क्रिप्ट केलेला (इतरांना वाचता येऊ नये असा सांकेतिक) नसतो आणि या तर घरातल्या खासगी चित्रफिती आहेत.

जुनी फीत: तासाला १३ जीबी म्हणजे त्या फाइली बहुधा डीव्ही या जुन्या, मोठ्या आकाराच्या व्हिडिओ स्वरूपातील आहेत. हे स्वरूप मोबाइल थेट वाजवत नाही, त्यामुळे सर्व्हर प्रत्येक वेळी पाहता पाहता रूपांतर करत असणार. मूळ फाइली जशाच्या तशा जपाव्यात, त्यांना हात लावू नये, पाहण्यासाठी एच.२६४ या मोबाइलवर चालणाऱ्या लहान स्वरूपाची वेगळी प्रत करावी. व्हीएचएसच्या चित्राला २ एमबीपीएस पुरेसे होतात, म्हणजे तासाला साधारण ०.९ जीबी. रूपांतर करताना डीइंटरलेस करण्यास (एकाआड एक ओळींत साठवलेले चित्र एकसंध करण्यास) विसरू नये, अन्यथा हलणाऱ्या आकृत्यांच्या कडांवर आडव्या रेघा दिसतात. लोकलमध्ये नेटवर्क सतत तुटते, तेव्हा प्रवासात पाहायचे ते निघण्यापूर्वीच डाउनलोड करणे उत्तम. जेलीफिनच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ती सोय आहे.

मुलुंडकर: आयपी त्याच पट्ट्यातील निघाला. टेलस्केल बसवताच कार्यालयातून चित्रफीत दिसली. आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आता मावशीसाठी काय करावे?

तारजोड: त्यांच्या मोबाइलवर टेलस्केलचे स्वतंत्र खाते उघडून केवळ सर्व्हर त्यांच्याशी शेअर करावा, म्हणजे घरातील इतर उपकरणे त्यांच्या यादीत येणार नाहीत. जेलीफिनमध्येही त्यांच्यासाठी निराळा वापरकर्ता तयार करून त्याला व्यवस्थापकाचे अधिकार देऊ नयेत.