जादू निकामी करणारं शस्त्र: जादू शोषावी की मोडावी?

धागाकर्ता: वेबकॉमिकमध्ये जादूगार फार वरचढ झाले की कुणाच्या तरी हाती जादू बंद पाडणारी तलवार येते. वार बसला, जादू संपली, पुढचं पान. मला हे पटत नाही. ती जादू गेली कुठे? माझ्या मते असं शस्त्र जादू शोषणारं असावं आणि त्याला मर्यादा असावी. प्रत्येक वारागणिक पातं तापत जावं, चौकटीगणिक त्याचा रंग बदलावा आणि मर्यादा ओलांडली की ते धरणाऱ्याच्याच हातात फुटावं. मग काही सांगावं लागत नाही, अजून किती वार उरलेत ते वाचकाला पात्याकडे बघूनच कळतं.

प्रतिसाद १: असहमत. शोषलेली जादू नायक पुढे कधीतरी उलटी सोडणार हे पहिल्याच प्रकरणात कळतं. त्यापेक्षा आवाज दाबणारे हेडफोन बघा. ते आवाज शोषत नाहीत, नेमकी उलटी लहर सोडतात. म्हणून इंजिनाची एकसुरी घरघर बरीच दबते, पण अचानक वाजलेली टाळी निसटते. तलवारीलाही हेच लावा. बराच वेळ टिकून असलेलं संरक्षक कवच ती फाडेल, पण अवचित सोडलेली वीज अंगावर येणारच. जादूगाराला लढायची रीतच बदलावी लागेल, आणि मला तेच वाचायचंय.

धागाकर्ता: कल्पना चांगली आहे, पण जादू ही लहरच असते हे कुणी ठरवलं? अणुभट्टीतल्या नियंत्रक कांड्यांमधलं बोरॉन किंवा कॅडमियम अणू फोडत जाणारे न्यूट्रॉन शोषतं आणि ती साखळी तुटते. तरी भट्टी लगेच गार होत नाही, बंद केल्या केल्या मूळ शक्तीच्या साधारण ६-७ टक्के उष्णता निघतच असते. मोडलेल्या जादूचीही अशी धग मागे राहायला हवी.

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही यंत्रणेत अडकलात. खरा प्रश्न आधी होऊन गेलेल्या जादूचा आहे. समजा, जादूने एका सैनिकाच्या पोटातली जखम बरी केली. दोन वर्षांनी ही तलवार त्याच्या पोटाला नुसती टेकली. व्रण उसवेल का? जादूने मांस जागच्या जागी धरून ठेवलं असेल, तर उसवेल. जखम लवकर भरायला शरीराला नुसती मदत केली असेल, तर काहीच होणार नाही, कारण ते मांस आता त्याचंच आहे. म्हणजे नियम एवढाच: जी जादू अजून राबतेय ती बंद पडेल, जिचं काम उरकलंय ती नाही. पण आपल्यावर कोणता उपचार झालाय हे त्या सैनिकाला कुठे माहीत आहे? आपल्याच बाजूचा तलवारधारी छावणीत आला की बरे झालेले सगळे भिंतीकडे सरकतील. हे एक पान मला दहा लढायांपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रतिसाद १: पान जबरदस्त होईल, मान्य. पण मग प्रत्येक जादूचं काम उरकलंय की नाही, हे लेखकाला आधीच ठरवून ठेवावं लागेल. दर आठवड्याला भाग टाकणाऱ्याला ते कसं झेपणार?

प्रतिसाद ३: मुळात जादूला हात कशाला लावायचा? महाभारतात परशुरामाच्या शापामुळे कर्णाला ऐनवेळी अस्त्राचा मंत्रच आठवत नाही. नारायणास्त्रासमोर शस्त्रं खाली ठेवली की ते शांत होतं. एकात चालवणाऱ्याचं ज्ञान जातं, दुसऱ्यात समोरच्याच्या वागण्यावर सगळं ठरतं. तलवारीच्या जखमेने मंत्र विसरायला होत असेल, तर ऊर्जेचा हिशोबच नको.

धागाकर्ता: आणि जादूगार मेल्यावरही जादूच्या जोरावर उभा असलेला पूल? तिथे तुमची तलवार कुणाला विसरायला लावणार?

प्रतिसाद ३: कुणालाच नाही. पूल उभाच राहील, आणि राहावा. एकाच शस्त्राने सगळी जादू मोडायला लागली तर त्या जगात जादू हवीच कशाला?

प्रतिसाद २: इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने. पूल अजून राबतोय, तेव्हा तलवार टेकताच तो कोसळलाच पाहिजे, वर माणसं असली तरी. ती टेकवायची की नाही, हा निर्णय नायकाला घेऊ दे.