‘पेनी-अँटी’ डाव फ्रेंचमध्ये कसा सांगाल?

प्रश्न
एका कथेतलं इंग्रजी वाक्य: ‘इट्स जस्ट अ पेनी-अँटी गेम.’ घरगुती पोकरला नवख्या मित्राला बोलावताना यजमान हे म्हणतो. फ्रेंचमध्ये ‘एका सांतीमची (युरोच्या शंभराव्या भागाची) अँटी’ असं शब्दाला शब्द चालेल का?

उत्तर
नको. आधी फोड करून घ्या. अँटी म्हणजे पत्ते वाटण्याआधी प्रत्येकाने मधे टाकायची रक्कम, आपल्या तीन पत्तीतला ‘बूट’. मूळ लॅटिन ‘आन्ते’, म्हणजे ‘आधी’. पेनी म्हणजे अमेरिकेतला एक सेंट. पण यजमानाला बूट किती हे सांगायचंच नाही. हरलास तरी खिसा रिकामा होणार नाही, एवढंच त्याच्या मनात आहे. फ्रेंच पोकरमध्ये अँटी हा शब्द आहे, पण तो निव्वळ खेळाच्या परिभाषेतला. त्याने हा दिलासा मिळत नाही.

बोलीतलं साधं वाक्य: ‘ओं झू पूर केल्क सांतीम’, चार-दोन सांतीमवर खेळतो. डाव गुणांचा असेल (बेलोत, ब्रिज) तर ‘आ अँ सांतीम ल प्वँ’, म्हणजे आपल्या रमीतल्या ‘पॉइंटला दहा पैसे’ची तंतोतंत बांधणी. पोकरला मात्र ती लावू नका. तिथे पॉइंटचा हिशोबच नसतो.

या प्रसंगासाठी खरा हुकमी शब्दप्रयोग मात्र वेगळाच आहे: ‘अँतेरेसे ला पार्ती’. डावात थोडे पैसे लावून रंगत आणणे. लावलेली रक्कम किरकोळ आहे आणि हेतू कमाईचा नाही, हे दोन्ही त्यात न सांगता येतं.

दुसरं मत
‘झुए पूर दे आरिको’ का नको? शब्दशः ‘घेवड्याच्या बियांवर खेळणे’. आपल्याकडचे चिंचोके!

उत्तर
चिंचोक्यांची तुलना नेमकी आहे आणि अडचणही तिथेच आहे. आरिको म्हटलं की पैसे अजिबात नाहीत, किंवा राबून हाती काही लागलं नाही, असा अर्थ होतो. इथे नाणी खरी आहेत. काड्यापेटीच्या काड्या लावून खेळत असतील तर ‘पूर देझाल्युमेत’ म्हणा. तिथे ‘पूर’च्या जागी ‘आव्हेक’ घातलंत तर पोरं काड्या ओढून आगीशी खेळताहेत असं वाटेल. उच्चारही सांभाळा: आल्युमेतआधी ‘झ’ जोडला जातो, आरिकोआधी नाही. ‘देझारिको’ सर्रास ऐकू येतं, पण शिकवणारे ती चूकच धरतात.

‘पूर द्यू बर’ (लोण्यासाठी) हाही मोह टाळा. ‘कोंते पूर द्यू बर’ म्हणजे खेळात असूनही ज्याची गणती नाही तो, थोडक्यात आपलं कच्चं लिंबू. जिंकून-हरून फरक न पडणाऱ्या सामन्यालाही तेच म्हणतात.

प्रश्नकर्ता
पुढे त्याच कथेत ‘पेनी-अँटी पॉलिटिशन’ आहे. तिथेही सांतीम?

उत्तर
अजिबात नाही. तिथे पत्ते संपले, उरला तुच्छ भाव. ‘आ द बाल’ (शब्दशः ‘दोन फ्रँकचा’) म्हणा. ‘बाल’ हा फ्रँकचा बोलीतला शब्द. 2002 मध्ये फ्रँकच्या नोटा-नाणी चलनातून गेली तरी प्रयोग टिकला. मराठीत ‘दीडदमडीचा पुढारी’. लेखी, जरा सभ्य हवं तर ‘द बाझेताझ’ (खालच्या दर्जाचा).

कोशात याच रांगेत ‘आ ला पतित स्मेन’ सापडेल. त्याचं मूळ थोड्या मुदतीच्या, जबर व्याजाच्या सावकारीत आहे आणि आजचा अर्थ ‘दूरचं न पाहता, आज-उद्यापुरतं’ असा होतो. पुढारी आखूड नजरेचा असेल तर शोभेल. नुसता क्षुद्र असेल तर नाही.

‘सू’ जुन्या काळासाठीच ठेवा. 1 सू म्हणजे 5 सांतीम, 20 सूंचा 1 फ्रँक. ‘त्र्वा फ्रां सी सू’ (3 फ्रँक 6 सू, म्हणजे 3.30 फ्रँक) आजही ‘अगदी चिल्लर’ या अर्थाने चालतं. पण ते वस्तूच्या किमतीला लावतात, बुटाला नाही.

तुमचं पहिलं वाक्य मग असं: ‘तँक्येत, ओं झू पूर केल्क सांतीम, झ्युस्त पूर अँतेरेसे ला पार्ती.’ ‘तँक्येत’ (काळजी नको) हे अरे-तुरेतलं. पाहुण्याला अहो-जाहो असेल तर ‘न व्हूझँक्येते पा’ करा.