ऐन उमेदीत रियाधला जाणारे फुटबॉलपटू: वाया गेले की शहाणे निघाले?

कूपरेज_पूर्व_स्टँड (धागाकर्ता)

मंडळी, काल रात्री वडाळ्याच्या टर्फवर खेळून झाल्यावर चहाच्या टपरीवर वाद पेटला. टपरीवाल्याने शटर ओढलं आणि वाद अर्धाच राहिला, म्हणून इथे आणतोय.

रोनाल्डोने ३७व्या वर्षी रियाधच्या अल-नस्रशी करार केला, मेस्सी ३६व्या वर्षी मायामीला गेला. माझी काही तक्रार नाही. सगळं जिंकून झालंय, निवृत्तीआधी चार पैसे आणि मोकळी हवा, जाऊ देत. माझं भांडण रुबेन नेवेसशी आहे. भांडण म्हणजे आपल्याच माणसाशी असतं तसं. हा मुलगा १८व्या वर्षी पोर्तुगालच्या पोर्तो क्लबकडून चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात कर्णधार होता, तोवरचा सर्वांत लहान. नंतर इंग्लंडच्या वुल्व्जमध्ये सहा वर्षं. रात्री दीडच्या सामन्यांना डोळे चोळत बसायचो ते त्याच्या लांबून मारलेल्या फटक्यांसाठी. आणि २०२३मध्ये, २६व्या वर्षी, गाडी थेट रियाधच्या अल-हिलालला.

तेच अल-हिलाल ६ नोव्हेंबर २०२३ला आपल्या दारात आलं होतं. एएफसी चॅम्पियन्स लीग, मुंबई सिटीविरुद्ध, नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर. तिकिटं काढली होती नेमारसाठी. नेमार त्याआधी तीन आठवड्यांपूर्वी ब्राझीलकडून खेळताना गुडघा मोडून बसला. तरी गेलो, हार्बरने लोंबकळत. मुंबई सिटी चांगली झुंजली, शेवटी ०-२. घरी येताना मनात एकच: ही माणसं आपल्याशी खेळताना पूर्ण दमसुद्धा लावत नाहीयेत.

बोर्डात येईल अशा पोराला परत सातवीच्या वर्गात बसवलं तर पहिला नंबर येईलच. पण पुढे त्याला काय येत होतं हे कळणार कुणाला? त्यालाही नाही. २४ ते २९ ही वर्षं फुटबॉलपटूला एकदाच मिळतात. ती सोप्या पेपरात घालवणं म्हणजे वाया घालवणं, असं माझं मत. फोडा डोकं.

---

ठाणे_स्लो

दादा, तुम्हाला उद्या कुणी रियाधहून पगाराचा आकडा पाठवला तर व्हिसा यायच्या आधी बॅग भराल. वर तिकडे पगारावर आयकर नाही.

माझा मामेभाऊ रत्नागिरीहून गल्फला गेला, २३व्या वर्षी. बारा वर्षं राहिला. गावात घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. ऐन उमेदीची वर्षं वाया घालवलीस असं त्याला कुणी म्हणालं नाही. उलट गणपतीला आला की अख्खी वाडी भेटायला यायची. मग नेवेसलाच का हा न्याय?

---

कूपरेज_पूर्व_स्टँड

@ठाणे_स्लो कारण गल्फला जाणाऱ्या मामेभावाच्या खिशात लंडनची ऑफर नव्हती. तो पोटासाठी गेला. नेवेस वुल्व्जमध्ये काय उपाशी होता?

---

सई_माहीम

धागाकर्त्याने उदाहरण चुकीचं निवडलंय, आणि तेही स्वतःच्या लाडक्याचं.

वुल्व्ज त्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये १३वे होते. तुम्ही मनात चित्र रंगवलंय की एका हातात रियाध आणि दुसऱ्या हातात माद्रिद, आणि बाबा पैसे बघून घसरला. बहुतेक खेळाडूंसमोर असा पेपर नसतोच. त्यांच्यासमोर असतो तेरावा नंबर टिकवायचा की दुसरीकडे जाऊन काही जिंकायचं.

आणि पुढे काय झालं ते का नाही लिहिलंत? जून २०२५, म्युनिक, नेशन्स लीगची अंतिम लढत, पोर्तुगाल विरुद्ध स्पेन. पेनल्टी शूटआउटमध्ये पोर्तुगालची निर्णायक पेनल्टी कुणी मारली? तुमच्या सातवीच्या वर्गातल्या मुलाने. त्याच महिन्यात क्लब वर्ल्ड कपमध्ये अल-हिलालने रेआल माद्रिदला १-१ रोखलं, गोल पुन्हा नेवेसचा. मग मँचेस्टर सिटीला ४-३ने घरी पाठवलं.

अजून हवेत? लापोर्त अल-नस्रमध्ये राहून स्पेनबरोबर २०२४चा युरो जिंकला. फ्रान्सचा कांते सौदीतल्या जेद्दाहहून त्याच स्पर्धेला आला आणि पहिल्या दोन्ही सामन्यांत सामनावीर. जो वाया गेलाय तो असा येऊन सामना हातात घेत नाही हो.

---

मध्यरात्रीचा_मेंबर

सईताईंना +१. पॉपकॉर्न आणतो, कुणाला हवेत?

---

कूपरेज_पूर्व_स्टँड

@सई_माहीम नेवेसची पेनल्टी मी बघितलीय, नाचलोही आहे, खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते विचारायला. तो मुद्दा मान्य. पण कांते आणि लापोर्त युरोपात घडून तिकडे गेलेत. एफडी मोडून खाणारा माणूस दोन वर्षं श्रीमंतच दिसतो.

आता २०२३-२४चा मोसम घ्या. अल-हिलालने सलग ३४ सामने जिंकले, जागतिक विक्रम. लीग एकही सामना न हरता जिंकली. तुमच्यासाठी हे कौतुक, माझ्यासाठी हाच पुरावा. ज्या घाटात गाडीला पहिला गिअर टाकावाच लागत नाही, तो घाट कसला?

आणि गाब्री वेगाबद्दल काय म्हणणं आहे? सेल्टा विगोचा, २१ वर्षांचा, युरोपातले मोठे क्लब मागे लागलेले, आणि गेला सौदीच्या अल-अहलीला. रेआल माद्रिदच्या टोनी क्रूसने तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं की हे लाजिरवाणं आहे. झॉन दुरान, तोही २१चा, ॲस्टन व्हिला सोडून जानेवारी २०२५मध्ये अल-नस्रला, आणि त्याच उन्हाळ्यात उसना फेनरबाचेला. २१व्या वर्षी!

---

सई_माहीम

क्रूस यांचं नाव घेतलंतच तर हेही लिहा, की त्यांचा क्लब स्पॅनिश सुपर कप खेळायला जवळजवळ दर जानेवारीत सौदीलाच जात होता. क्लबने पैशासाठी मोसमातला एक चषक तिकडे नेऊन खेळला तर तो व्यवहार, आणि २१ वर्षांच्या पोराने करार केला तर लाज.

वेगाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही. मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. दोन वर्षांनी तो पोर्तोमार्गे युरोपात परत आला, पण २१ ते २३ ही वर्षं परत कोण देणार? म्हणून माझं म्हणणं, वय बघा. २१ला शिकायचं असतं, २६ला शिकून झालेलं असतं. सगळ्यांना एका टोपलीत घालू नका.

---

जुनी_पानं

दोघेही सौदीबद्दल असं बोलताय जणू ही गोष्ट काल सुरू झाली. थोडा जुना माल देतो, लांबेल.

१९४९. अर्जेंटिनात खेळाडूंचा संप झालेला. तिकडे कोलंबियात नवी व्यावसायिक लीग निघालेली, फिफाच्या बाहेरची. फिफाच्या बाहेर म्हणजे दुसऱ्या क्लबला ट्रान्सफरचे पैसे द्यायची गरज नाही, ते पैसे सरळ खेळाडूच्या हातात. चाच्यांची लीगच म्हणा. आल्फ्रेदो दी स्तेफानो २३व्या वर्षी रिव्हर प्लेट सोडून बोगोताच्या मिलोनारिओसला गेला. २३ ते २७, म्हणजे धागाकर्त्याने आखून दिलेली जवळपास तीच वर्षं, त्याने जगाने बहिष्कार घातलेल्या लीगमध्ये काढली. १९५३मध्ये रेआल माद्रिदला आला. पुढे १९५६ ते १९६० सलग पाच युरोपियन कप आणि पाचही अंतिम सामन्यांत गोल. बोगोताने त्याचं काय बिघडवलं?

आता धागाकर्त्याच्या बाजूचं. १९५०मध्ये त्याच बोगोताला स्टोक सिटीचा नील फ्रँकलिन गेला, इंग्लंडचा सेंटर हाफ, देशाकडून सलग २७ सामने खेळलेला. त्यासाठी त्याने ब्राझीलचा वर्ल्ड कप सोडला. बोगोतात मन रमलं नाही, काही आठवड्यांत परत आला. इंग्लिश संघटनेने बंदी घातली. इंग्लंडकडून पुन्हा कधीही खेळला नाही. आणि ज्या वर्ल्ड कपला तो नव्हता, त्यात इंग्लंड अमेरिकेकडून ०-१ हरलं.

लीग तीच, शहरही तेच. एकाचं सोनं झालं, दुसऱ्याची माती. लीग दुबळी होती म्हणून फ्रँकलिन बुडाला का? त्याच्या मागे परतीचं दार लावून घेतलं म्हणून बुडाला. दी स्तेफानोसाठी ते उघडलं, कारण १९५१मध्ये फिफाशी तडजोड झाली आणि बाहेरून आलेल्यांना १९५४पर्यंतची मुदत मिळाली.

लीग किती तगडी यापेक्षा मी आधी बघतो, तिथून परत येता येतं का.

---

मध्यरात्रीचा_मेंबर

हे भारी होतं. पॉपकॉर्न खाली ठेवले.

---

ठाणे_स्लो

मग चीनचं काय? तिकडून परत आले की कोण?

---

सई_माहीम

आले की. पाउलिन्यो टॉटनहॅममध्ये बाकावर बसून कंटाळलेला, २०१५मध्ये ग्वांगझूला गेला. सगळे म्हणाले संपला. तिथे असतानाच मार्च २०१७मध्ये ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध, त्यांच्याच घरी, हॅटट्रिक. त्याच वर्षी बार्सिलोनाने चार कोटी युरो मोजून उचलला. विट्सेल २०१७मध्ये युव्हेंटसला नाही म्हणून चीनला गेला, २०१८चा वर्ल्ड कप तिसऱ्या आलेल्या बेल्जियमकडून खेळला, मग डॉर्टमुंड.

---

कूपरेज_पूर्व_स्टँड

आणि ऑस्कर? तो का गाळलात, सईताई? चेल्सीचा ऑस्कर, २५ वर्षांचा, सुमारे सहा कोटी पौंडांना जानेवारी २०१७मध्ये शांघायला. आठ मोसम राहिला, तीन वेळा लीग जिंकला. ब्राझीलच्या जर्सीत परत दिसला नाही. आज कुणालाही विचारा ऑस्कर कोण, तर म्हणतील जर्मनीने ७-१ने हरवलं त्या सामन्यात ब्राझीलचा तो एक गोल मारणारा. तो गोल २०१४चा, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्यापुढची गोष्ट कुणाला सांगता येत नाही, कारण आपल्यापैकी कुणी ती बघितलीच नाही.

वर त्या लीगचं काय झालं बघा. जिआंग्सू नोव्हेंबर २०२०मध्ये विजेता झाला आणि फेब्रुवारी २०२१मध्ये क्लबलाच कुलूप. ग्वांगझू जानेवारी २०२५मध्ये विसर्जित.

---

सई_माहीम

"आपल्यापैकी कुणी बघितलं नाही." झालं, पोटातलं ओठावर आलं. म्हणजे वर्षं त्याची वाया गेली नाहीत, तुमची गेली. तुम्हाला रात्री दीड वाजता बघायला मिळालं नाही ही तक्रार आहे. शांघायच्या लोकांनी आठ वर्षं त्याला डोळे भरून बघितलं, ते कुठल्या हिशेबात धरायचे? आपल्या मुंबई सिटीला २०१६मध्ये फोर्लान आला होता, ३७ वर्षांचा. समजा २६चा असताना आला असता. तेव्हा तुम्ही म्हणाला असता का, बिचारा अंधेरीत वाया चाललाय?

---

कूपरेज_पूर्व_स्टँड

म्हणालो असतो. अंधेरीच्या स्टँडमध्ये बसून, घसा बसेपर्यंत ओरडून झाल्यावर म्हणालो असतो.

---

चाळकरी

अवांतर: पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, एकही कसोटी नाही. वाया?

---

जुनी_पानं

@चाळकरी त्यांना वरचा वर्ग कुणी दिलाच नाही. इथे चर्चा वरच्या वर्गातून आपण होऊन उठून गेलेल्यांची आहे. पण नाव घेतलंत, बरं वाटलं.

---

लेफ्ट_बॅक_परळ

मी इथे सहसा लिहीत नाही, नातू टाईप करून देतोय. वय ६८.

१९७९ साली रोव्हर्स कप खेळलो, कूपरेजवर, एका ऑफिस टीमकडून. तेव्हा कलकत्त्याचे क्लब दर वर्षी रोव्हर्सला यायचे आणि कूपरेज फुल असायचं, भिंतीवर पोरं. सामना संपल्यावर तिथल्या एका मोठ्या क्लबच्या माणसाने मला गेटबाहेर गाठलं. म्हणाला सीझनचे इतके देऊ, क्लबच्या मेसमध्ये राहा, पुढे बघू. मी २२ वर्षांचा, लेफ्ट बॅक, डाव्या पायाचे तेव्हाही कमीच मिळायचे.

त्याच आठवड्यात एका बँकेचं पत्र आलं. खेळाडूंच्या कोट्यातून पर्मनंट नोकरी, बँकेच्या टीमकडून मुंबईची हार्वुड लीग खेळायची. वडील लालबागला गिरणीत. त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त पत्र घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं. मी बँक घेतली.

जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप झाला. वडील त्यानंतर कामावर गेलेच नाहीत. आम्ही घरात सात माणसं, माझा पगार एकटा. ही माझी अल-हिलाल म्हणा.

तुम्ही लोक वाया, वाया करताय. मला धागाकर्त्याचंही पटतं आणि त्या माहीमच्या मुलीचंही. हार्वुडमध्ये आमच्यासमोर बरेच विंगर असे यायचे की मी चहा पिता पिता अडवले असते.

---

कूपरेज_पूर्व_स्टँड

काका, नमस्कार. रागावणार नसाल तर एक विचारतो. कधी चुटपुट लागली?

---

ठाणे_स्लो

असलं काय विचारतोस रे.

---

लेफ्ट_बॅक_परळ

विचारू दे त्याला.

बँकेत ३६ वर्षं झाली, डोंबिवलीत घर झालं, दोन्ही मुली शिकल्या. त्याची चुटपुट कशाला लागेल.

१९८६ला बँकेच्या स्पर्धेसाठी कलकत्त्याला गेलो होतो. बाकीचे बाजारात गेले, मी एकटा सॉल्ट लेकला सामना बघायला. तोच क्लब. वर बसून त्यांच्या लेफ्ट बॅकच्या चुका मोजत होतो. हाफ टाईमपर्यंत सात झाल्या. त्यानंतर त्यांनी त्याला बसवला, आणि मी उरलेला सामना न बघताच स्टेडियमबाहेर पडलो.