उत्तर: स्मोकिंगसाठी कुठल्या ब्रिकेट?
बॉयलरवाल्यांकडच्या स्वस्त ब्रिकेट (दाबून केलेल्या जळणाच्या वड्या) मटण स्मोक करायला, म्हणजे मंद आचेवर धुरात शिजवायला, चालतील का असं वर विचारलंय, तर भाऊ, त्या अजिबात घेऊ नका, तो कोळसा नसतोच, पऱ्हाट्या-तुराट्यांचा (कपाशी-तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) भुसा दाबून केलेला असतो आणि धूर पार कडवट. आपण भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजतो ते वेगळं, तो घटकाभराचा जाळ. ६-७ तास ११०-१२० डिग्री धरायचं तर करवंटीच्या कोळशाच्या घ्या, राख कमी, आच एकसारखी. काडी लावताच भडकणाऱ्या नकोच, मधे भर टाकली की रॉकेलसारखा वास थेट मटणात उतरतो. आणि सगळ्या एकदम पेटवू नका हो, ज्या ड्रममधे स्मोक करताय त्याच्या आत कडेने ओळ लावून एका टोकाला चार-पाच लालबुंद निखारे ठेवा, आग आपोआप पुढे सरकते.