मदत हवी आहे: संगणकात बूट आहे, दुकानात नाही

मंडळी, आमचं चपला-बुटांचं दुकान आहे, दोन शाखा. वेबसाइट सुरू केल्यापासून डोक्याला ताप झालाय.

परवा एका बाईंनी मोबाईल पुढे केला. "हा बूट, 7 नंबर, 1 शिल्लक दाखवतंय." संगणकातही 1 होता. पोराने वीस मिनिटं खोकी उपसली, तर 7 नंबरच्या खोक्यात 8 चा जोड! घालून बघताना कधीतरी अदलाबदल झालेली. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या दुसरीकडून ऑनलाइन मागवला. राग तरी कुणावर काढायचा?

बिलिंगचं सॉफ्टवेअर वेबसाइटला रात्री एकदाच आकडे पाठवतं. ते सुधारता येईल. पण चोरी, चुकीचं स्कॅन, परत आलेला आणि नोंदच न झालेला माल, यांचं काय? बारकोड दुकानांत 1974 पासून आहे, पण खोकं कुठल्या फळीवर आहे ते तो सांगत नाही.

आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी छोटी चिप असलेलं लेबल) लावायचं मनात आहे. एकेक खोकं स्कॅनरसमोर न धरता एकदम बरेच टॅग वाचता येतात. पण धातूजवळ वाचन गडबडतं आणि आमचे रॅक लोखंडी. शिवाय टॅग खोक्याला लावला तर पुन्हा तीच गत. मग बुटाला लावायचा? एका की दोन्ही?

कुणी हे केलंय का? की रोज एकेक रॅक मोजायचा आणि शेवटचा नग वेबसाइटवर दाखवायचाच नाही, एवढ्यावर भागतं?